हसबनिसांचं वाळकं रान

द्वारकाताई हसबनीस रागीट होत्या, हे शनिवार पेठेत कुणाला सांगावं लागत नसे. ट्रंक कॉलच्या जमान्यात त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. "लवकर जोडा हो" म्हणून आवाज चढवणाऱ्या भल्याभल्यांना त्यांनी "रांगेत आहात" एवढ्या दोन शब्दांत गार केलं होतं. पुढं गल्लोगल्ली पिवळे पीसीओ आले, मग खिशाखिशात मोबाइल आले, खात्याला ऑपरेटरची गरज उरली नाही आणि द्वारकाताई निवृत्त झाल्या. राग मात्र निवृत्त झाला नाही. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे तो घरात खर्च होत नसे. सगळा बाहेर वापरायला शिल्लक असे.

त्यांना राग न येणारी जागा जगात एकच होती, आणि ती होती हिंजवडीच्या मागं, टेकडीच्या उतारावर. दोन एकरांचं रान. हसबनिसांची एके काळी त्या बाजूला बरीच जमीन होती, ती कूळकायद्यात गेली. हा तुकडा राहिला तो कुणाच्या कृपेनं नव्हे. तिथं नांगर चालत नव्हता म्हणून कूळ नव्हतं, आणि कूळ नव्हतं म्हणून तो कुणी मागितलाच नाही. द्वारकाताईंचे वडील बापूराव शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांनी त्या तुकड्याभोवती दगडांचा गडगा रचून घेतला आणि जमिनीला म्हणाले, आता तुझं तू बघ. गुरं आत शिरेनाशी झाली, कुऱ्हाड शिरेनाशी झाली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्या खडकाळ उतारावर आपलं आपण रान उभं राहिलं. मोई, सालई, धामण, मेडशिंगी, मधूनमधून सोनसावर, आणि जमिनीच्या पोटात नाना तऱ्हेचे कंद. माणसानं लावलेलं एकही झाड त्यात नव्हतं, याचा बापूरावांना फार अभिमान होता.

त्यांनी घराला एक शिस्त लावून दिली होती. दर मराठी महिन्याच्या पहिल्या रविवारी रानात जायचं. बघायचं. हात लावायचा नाही, पडलेलं फूलसुद्धा उचलायचं नाही. संध्याकाळी जेवताना जे बघितलं ते सगळ्यांना सांगायचं. रानातून घरी आणायचं ते एवढंच. बापूराव गेल्यावर जाणाऱ्या एकट्या द्वारकाताई उरल्या. त्या बसनं जायच्या, उन्हातान्हात दोन-तीन तास हिंडायच्या आणि परतताना कोथरूडला धाकट्या भावाकडं, अनंताकडं जेवायला थांबायच्या. पानावर बसल्या बसल्या सुरुवात. पौषात मोईनं पानं टाकली. माघात सालई उघडी पडली. फाल्गुनात सोनसावर, अंगावर औषधालाही पान नसताना, तळहाताएवढी पिवळीधमक फुलं काढून उभी आहे. वैशाखात सगळं रान सरणावर ठेवण्याजोगं दिसतंय, राखाडी फांद्या, करडी बोंडं आणि तडकलेली माती. मग ज्येष्ठ सरता सरता त्याच मातीतून काळ्या मुसळीच्या पिवळ्या चांदण्या वर यायच्या, तिच्यामागून रानहळद, मग कंदातून वर येणारी पांढरी आमरी, मग गडग्यावर चढलेली कळलावी. द्वारकाताई सांगायच्या तेव्हा अनंता टीव्हीकडं बघत "हं हं" करायचा. ऐकायचा तो त्याचा मुलगा, आमोद.

आमोद म्हणजे द्वारकाताईंचा जीव. त्याची आई बँकेत, बाप कारखान्यात. शाळा सुटल्यावर तो रोज शनिवार पेठेत आत्याकडं यायचा, तिच्याच हातची थालीपिठं खाऊन मोठा झाला. ज्यांना कुणी कधी हसताना पाहिलं नव्हतं, त्या द्वारकाताई या पोरासमोर पोट धरधरून हसायच्या. तो इंजिनियर झाला, हिंजवडीत सॉफ्टवेअरला लागला, स्पृहा नावाच्या गोड मुलीशी लग्न करून वाकडला फ्लॅट घेतला. आणि ज्या रस्त्यानं बापूराव रानात चालत जायचे त्याच रस्त्यानं तो आता कंपनीच्या पांढऱ्या बसमधून कामाला जाऊ लागला.

तोवर त्या भागाची दशा अशी झाली होती की वर्षात एकदा जाणाऱ्याला वाट सापडू नये. काचेच्या इमारती, त्यांच्या पायाशी वडापावच्या गाड्या, मुलांची वसतिगृहं, आणि सगळ्यांच्या मधे अडकलेली वाहनं. गडग्यापाशी उभं राहून कुणी ना कुणी विचारायचंच, "काकू, द्यायचंय का?" द्वारकाताई उलट विचारायच्या, "तुम्हाला काय पाहिजे, मार?" बिल्डरांशी लढायची त्यांची कायमची तयारी होती. बाहेरच्या चोरासाठी माणूस कुलूप लावतो. घरातल्या माणसाकडं किल्ली असते.

दोन हजार आठ साली द्वारकाताईंची एकसष्टी आली. होमहवन आणि साडी-नारळ असलं काही केलं तर मी घरातून निघून जाईन, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. तेव्हा आमोद आणि स्पृहानं त्यांना वैशाखात सिक्कीमच्या सहलीला पाठवलं. "तुला झाडं आवडतात ना, मग तिकडं डोंगरच्या डोंगर फुललेले असतात," असं म्हणून विमानात बसवून दिलं. त्या वैशाखातला रविवार चुकला. द्वारकाताईंना रुखरुख लागली. पण पोरानं एवढ्या हौसेनं केलं, म्हणून त्या गेल्या. डोंगर खरोखर फुललेले होते. त्या गाइडशी भांडत भांडत का होईना, खूश होऊन परत आल्या.

ज्येष्ठाच्या सुरुवातीलाच, वाढदिवसाच्या दिवशी सकाळीच आमोद गाडी घेऊन दारात हजर. अनंता पुढं बसलेला, मागं स्पृहा, तिच्या मांडीवर केकचा खोका. हिंजवडी ओलांडली तेव्हा द्वारकाताईंना कळलं की आपण रानात चाललोय, आणि त्यांना मनापासून बरं वाटलं. एवढ्या वर्षांनी सगळं घर रानात येतंय, बापूरावांना केवढा आनंद झाला असता.

"आत्या, आता डोळे मीट," आमोद म्हणाला.

"या वयात डोळे मिटले की लोक तोंडात गंगाजळ घालतात. काय ते उघड्या डोळ्यांनी दाखव."

आणि त्यानं दाखवलं. गडगा दोन ठिकाणी ढासळवून जेसीबी आत जाईल एवढी वाट केली होती. आतला उतार साफ होता. घरची फरशी पुसावी तसा साफ. त्यावर ओळीनं, दोरी लावून घेतलेले खड्डे, प्रत्येक खड्ड्यात एक रोप, रोपाला आधाराची काठी. एकसष्टीची एकसष्ट रोपं. गुलमोहर, नीलमोहर, सिल्व्हर ओक. वाटेच्या तोंडाशी हिरवी पाटी होती, "द्वारकावन", खाली कंपनीचं नाव. पिवळे टी-शर्ट घातलेली तीस-चाळीस मुलंमुली दोन्ही बाजूंना उभी राहून टाळ्या वाजवत होती. पार वरच्या कोपऱ्यात, जिथं जेसीबीला चढ जमला नव्हता, तेवढं जुनं रान केविलवाणं उभं होतं.

द्वारकाताईंना काय झालं ते त्यांचं त्यांनाच प्रथम कळलं नाही. त्या एका जागी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इथं सोनसावरी होत्या. तीन."

"कुठल्या?" आमोद म्हणाला. "अगं, ती वाळलेली खोडं? आत्या, मी मार्चएंड संपवून एप्रिलमध्ये बघायला आलो ना, मला धक्काच बसला. एक पान नाही कुठं! सगळं रान मेलेलं. मला वाटलं, तू एकटी, तुझ्याच्यानं आता होत नाही, आणि आम्हाला वाईट वाटेल म्हणून तू घरी बोलत नाहीस. त्या रात्री मला झोप नाही आली. मग ऑफिसात सांगितलं, सगळ्यांनी उचलून धरलं. मेलेलं सगळं मुळासकट काढलं, खाली नांगर फिरवल्यासारखी माती मोकळी करून घेतली." त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता. "तुझं रान आम्ही परत आणलं, आत्या!"

द्वारकाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेलेलं? पावसाची वाट बघत निजलेलं रान यानं मढं समजून उकरून टाकलं, आणि वर टाळ्या! तेवढ्यात आमोदचा साहेब माइक घेऊन पुढं आला. वाशीमकडचा, मोठा अदबशीर माणूस. "मॅडम, आपल्या प्रेरणेनंच हे घडलं. मुलांना दोन शब्द सांगा."

द्वारकाताईंनी माइक हातात घेतला. "दोनच सांगते," त्या म्हणाल्या. "चालते व्हा."

मुलांपैकी काहींना तो विनोद वाटला आणि ती हसली. द्वारकाताईंनी तेच दोन शब्द पुन्हा, सावकाश म्हटले. मग कुणी हसलं नाही.

संध्याकाळी कोथरूडला जे भांडण झालं ते शेजारच्या इमारतीतही झालं म्हणायला हवं, इतकं ते तिथं ऐकू जात होतं. आमोद आणि स्पृहा वाकडला निघून गेले होते. केकचा खोका तसाच बांधलेला टेबलावर होता.

"एवढं प्रेमानं केलं पोरानं," अनंता म्हणाला. "चारचौघांत त्याच्या तोंडाला काळं फासलंस, ताई."

"प्रेमानं केलं म्हणून तो अजून मोकळा फिरतोय. द्वेषानं केलं असतं तर पोलिसांत दिलं असतं."

"त्याला काय माहीत, झाड मेलंय की झोपलंय?"

"का नाही माहीत? लहानपणापासून ऐकतोय तो माझ्याकडून."

"ऐकलं असेल. बघितलंय का त्यानं?"

द्वारकाताईंना लख्ख दिसलं, आणि राग दुप्पट झाला. "कसं बघणार! फाल्गुन, चैत्र, वैशाख, एकदा तरी पाठवलंस त्याला माझ्याबरोबर? चौथीची स्कॉलरशिप, सातवीची स्कॉलरशिप, दहावी, बारावी, सीईटी. सुट्टी लागली की आजोळ. पोराला रान दाखवलंत ते श्रावणात, पुरीभाजीचा डबा घेऊन. हिरवं तेवढं जिवंत, असंच शिकला तो. तुम्हीच शिकवलंत."

"परीक्षा बुडवून झाडं बघायला पाठवतं का कुणी पोराला? त्याच परीक्षांवर आज त्याचं घर उभं आहे," अनंता म्हणाला. तेही खरंच होतं, आणि म्हणूनच ते ऐकून घेणं द्वारकाताईंना अशक्य झालं. अनंतानं मग राहिलेलंही ओकून टाकलं. कंपनीला त्यानं शब्द दिला होता. रानाला तारेचं कुंपण, एक बोअर, वरचा राहिलेला कोपराही साफ, आणि दर वर्षी ज्येष्ठात वृक्षारोपण. "अर्धं रान माझंही आहे, ताई."

"कुठलं अर्धं?" द्वारकाताईंनी विचारलं. "जमिनीच्या वरचं की खालचं? वरचं तुझ्या लेकानं संपवलं. खालचंही जवळजवळ संपवलं. तुझ्या वाट्याला आता फक्त पाटी येते. ती तुझ्या लेकाच्या दारात पोचती करते."

आणि त्यांनी ती केली.

आषाढाच्या पहिल्या रविवारी त्या रानात गेल्या. एरवी या दिवशी पाय कुठं टाकावा असा प्रश्न पडायचा, इतकं काही जमिनीतून वर आलेलं असायचं. आता खड्ड्यांच्या कडेला मुरुमाचे ढीग होते आणि ढिगांत कंद. उन्हात सुकून मग पावसात कुजलेले. मुसळीचे, रानहळदीचे, आमरीचे, कळलावीचे नांगरासारखे वाकडे. काही बिचाऱ्यांनी तशा उपड्या अवस्थेतही कोंब काढायचा प्रयत्न केला होता. ढिगाशेजारी बसून द्वारकाताई मोठमोठ्यानं शिव्या देत राहिल्या. अनंताला, कंपनीला, जेसीबीला, परीक्षा घेणाऱ्या सरकारला. आमोदला शिवी देताना तेवढा आवाज फुटेना, म्हणून आणखीच चिडल्या.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी गावातून खोदायला दोन बाया आणि पोपट नावाच्या माणसाचा टेम्पो ठरवला. सगळी रोपं मुळाच्या मातीसकट पोत्यात घालून निघाली. रोपांचा काय गुन्हा? पोपट बिडी ओढत बघत होता.

"आजी, लावल्याली झाडं उपटाय लावणारं मानूस पयल्यांदाच बघतोय."

"बघून घे. तिकीट नाही."

शनिवारी सकाळी वाकडला आमोदच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेम्पो शिरला. वॉचमन आडवा आला, पण द्वारकाताईंच्या एका नजरेत बाजूला झाला. आमोदच्या गाडीभोवती रोपांचा गराडा पडला आणि बॉनेटवर "द्वारकावन" ही पाटी टेकवून ठेवली गेली. गॅलऱ्यांतून माणसं वाकू लागली. आमोद अर्ध्या चड्डीत, चपला उलट्या घालून धावत खाली आला.

"आत्या, काय हे? लोक बघतायत!"

"बघू देत. बघितल्यानं काही मरत नाही, खणल्यानं मरतं. ही तुझी झाडं, हवी तिथं लाव. पण रानात पुन्हा तू, तुझा बाप किंवा तुझी कंपनी दिसली तर मी गडग्यावरचा दगड हातात घेईन."

आमोद एरवी आत्यापुढं कधी बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला. "मी तुझ्यासाठी केलं सगळं! सगळे शनिवार तिथं घातले. जेसीबी पोचेना तिथं कुदळ मारली. हे बघ!" त्यानं तळहात पुढं केले. फोड येऊन फुटून वाळल्याच्या खुणा अजून होत्या. "तुला माणसांपेक्षा झाडं जास्त जवळची आहेत. बाबा म्हणतात तेच खरं."

हे हात द्वारकाताईंनी धुतले होते, त्यांवरून लिंबलोण उतरवलं होतं, छडी मारणाऱ्या मास्तरांना शाळेत जाऊन झापलं होतं. ते हात हातात घ्यावेत असं त्यांना फार वाटलं. "फोड बरे होतात," त्या म्हणाल्या आणि टेम्पोत जाऊन बसल्या.

त्यानंतर आमोद आला नाही. गौरी-गणपतीला आला नाही, भाऊबीजेला अनंता एकटाच येऊन ओवाळून घेऊन गेला, तोही चहा अर्धा टाकून. कंपनीनं कुंपणाचा विचार सोडून दिला. इतक्या कटकटीची जागा कुणाला हवी? रान वाचलं म्हणायचं, जे काही उरलं होतं ते. द्वारकाताई दर महिन्याला जात राहिल्या. जेवताना सांगायला कुणी नव्हतं. समोरच्या भिंतीला सांगण्याइतकं वेड त्यांना लागलं नव्हतं, म्हणून त्या न सांगताच जेवत आणि भात गार झाला की त्याचाही राग करत. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करणार कुणाकडं?

फाल्गुनातल्या पहिल्या रविवारी सोनसावरीला अजून कळ्याच होत्या. वरच्या कोपऱ्यात जी एकुलती एक वाचली होती तिला. म्हणून द्वारकाताई बुधवारी पुन्हा गेल्या. आणि बघतात तर सबंध झाड फुललं होतं. त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला, जो आमोदनंच त्यांना घेऊन दिला होता, आणि विचार करायच्या आत नंबर लावला.

"आत्या?" पलीकडून दबक्या आवाजात उत्तर आलं. "मी मीटिंगमध्ये आहे."

"मीटिंग होईल तुझ्याशिवाय. रानात ये."

"आत्ता? शनिवारी येतो ना."

"सोनसावर शनिवार-रविवारवर चालत नाही. आज ये, नाही तर येऊच नकोस," असं म्हणून त्यांनी फोन बंद केला.

तो येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. तासाभरानं तो आला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पायात काळे बूट, घामाघूम. द्वारकाताईंनी ये म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. नुसतं बोट केलं.

झाडाला एक पान नव्हतं. वेडीवाकडी, गाठाळलेली, राखेच्या रंगाची फांदी न फांदी, आणि तिच्या टोकाटोकाला पिवळी फुलं, इतकी की मधमाश्यांचा आवाज गडग्यापर्यंत ऐकू यावा. आमोद खालून वर बघत राहिला. मग त्यानं खोडावर हात ठेवला. नखानं साल किंचित खरवडली. आत ओलसर हिरवं होतं. मग त्यानं मान वळवून खाली उताराकडं बघितलं. तिथं इतर खड्ड्यांपेक्षा रुंद असे तीन खड्डे होते.

"त्या तिन्ही अशाच होत्या?" त्यानं विचारलं.

"मधली हिच्यापेक्षा थोराड होती."

"बोंडं लटकत होती त्यांना. करडी. मला वाटलं..." तो रडायला लागला. लहानपणी रडायचा तसाच, तोंड उघडं ठेवून.

द्वारकाताईंनी हिवाळाभर मनात वाक्यं रचून ठेवली होती. एकेक असं की जन्मभर सलावं. त्यांतलं एकही आता लागणार नव्हतं, आणि राग तर तसूभरही कमी झाला नव्हता. त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, त्याचाही राग आला.

"मला असं रडवायलाच बोलावलंस ना?" आमोद डोळे पुसत म्हणाला.

"तुला फाल्गुनात इथं बघायचं होतं. वीस वर्षं उशिरा आलास, तीन झाडं मारून आलास. पण आलास." मग त्या एकदम खेकसल्या, "रडायचं तेवढं रड, पण आधी तिथून बाजूला हो! आमरीवर उभा आहेस."

आमोदनं दचकून खाली बघितलं. त्याच्या बुटांखाली तडकलेल्या, कोरड्या मातीशिवाय काहीही नव्हतं. त्यानं जपून एक पाऊल उचललं, मग दुसरं, आणि शेजारच्या दगडावर जाऊन उभा राहिला.